शांत राणी

जबलपूर रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या सिविल लाइंसमध्ये काही जुने बंगले अजून उभे आहेत. खोल व्हरांडे, उंच छत, लाकडी तुळया, खिडक्यांवर पुढे आलेले छज्जे. मार्च संपता संपता इथे घरोघरी कूलर पुसून काढायला सुरुवात होते, आणि वर्षभर बंद पडलेल्या कूलरच्या पोटात हात घालण्यापूर्वी जाणता माणूस आधी वाकून बघतो. आतल्या कोपऱ्यात करड्या रंगाचं, बारीक देठाला लटकलेलं, षटकोनी खणांचं पोळं असू शकतं. छज्ज्याखाली असतं, दाराच्या चौकटीवर असतं, मीटरच्या पेटीतही असतं. त्या पोळ्यावरच्या माशीला हिंदी बोलणारे शेजारी ततैया किंवा बर्र म्हणतात, मराठी घरांत ती गांधीलमाशी. एकदा डसली की दोन्ही भाषांतला माणूस केरसुणी, रॉकेल किंवा पेटता बोळा शोधायला धावतो.

या प्रकरणात ज्या माशीबद्दल सांगायचं आहे तिचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. लपेलतिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८३६ साली तिचं वर्णन केलं. भारतात ती जवळजवळ सर्वत्र आढळते. शरीर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं, कंबर अतिशय बारीक, आणि पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या काठावर पिवळा पट्टा. तिच्या नावातला ‘मार्जिनाटा’ याच काठावरून आला. व्हरांड्यात दिसणारी प्रत्येक गांधीलमाशी हीच असते असं नाही. अंगाने मोठी, लांब पाय खाली सोडून उडणारी पिवळी माशी असेल तर ती बहुधा पोलिस्टेस. मातीची भांडी करणारी कुंभारीण माशी तर एकटीच राहते, तिचा संसार निराळा. पण ज्या कागदी पोळ्यावर सात-आठपासून शंभरापर्यंत माश्या दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि ज्याला बाहेरून कसलंही आवरण नसतं, त्या पोळ्यासमोर सुरक्षित अंतरावर खुर्ची टाकून बसलात, तर जगातल्या फार थोड्या प्राण्यांनी उघडं केलेलं एक गुपित तुमच्या डोळ्यांसमोर चालू असतं. तिथे सत्ता कोणाकडे आहे आणि उद्या ती कोणाकडे जाणार, हा त्या गुपिताचा विषय.

आधी ते घर पाहू. गांधीलमाशी जुन्या लाकडाचा, वाळक्या काटक्यांचा, कुंपणाच्या खांबाचा पृष्ठभाग जबड्याने खरवडते. निघालेले तंतू लाळेत मळून त्यांचा लगदा करते, आणि पोळ्यावर आणून तो पातळ पट्टीसारखा पसरते. वाळला की कागद तयार. रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७१९ साली पॅरिसच्या अकादमीसमोर हेच दाखवून दिलं होतं: या माश्या चिंध्यांशिवाय, नुसत्या लाकडापासून कागद करतात, मग माणसाला ते का जमू नये? त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे. लाकडाच्या लगद्याचा कागद गिरण्यांतून निघायला पुढे शंभरहून अधिक वर्षं जावी लागली.

सगळं पोळं एका देठावर तोललेलं असतं, आणि हा देठ म्हणजे बांधकामातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट. मुंगी हा अळ्यांचा मोठा शत्रू आणि मुंगीला पोळ्यावर जायची वाट एकच, ती या देठावरून. कागदी पोळी करणाऱ्या अनेक जातींच्या माश्या पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून स्रवणारा मुंग्यांना नकोसा द्रव या देठाला चोळत राहतात. खण खाली तोंड करून असतात. प्रत्येक खणात एक अंडं, मग अळी, मग कोश. अळी पूर्ण वाढली की स्वतःच रेशमी टोपण विणून खणाचं तोंड बंद करते. अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत सुमारे दोन महिने जातात. हा दोन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब त्याच्यावर येणार आहे.

अळ्यांना मांस लागतं. बागेतल्या मऊ अंगाच्या अळ्या, कोळी, असे जीव पकडून, चावून, गोळा करून माश्या पोळ्यावर आणतात, तो गोळा आपसांत वाटून घेतात आणि खणाखणांत डोकं घालून भरवतात. मोठ्या माश्या स्वतः मात्र फुलांतला मध आणि गोड रस यांवर भागवतात. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाशी घोटाळणारी गांधीलमाशी बहुतेक वेळा शिकारीवर निघालेली असते, आणि तिचा त्या बागेला उपयोगच होतो.

आता राणी. मधमाशीची राणी आकाराने वेगळी असते, लांब पोटाची. एकदा दाखवली की पुढे कोणालाही ओळखता येते. रोपालिडियाच्या पोळ्यावर सगळ्या माद्या सारख्या दिसतात. त्यांच्यातली एकच अंडी घालते, बाकीच्या काम करतात, पण शरीराकडे बघून तिला वेगळं काढता येत नाही. शास्त्रज्ञ अशा जातींना आदिम समाजप्रिय म्हणतात. आदिम हा शब्द मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे. इथल्या कामकरी माशीचे दरवाजे जन्मतः बंद झालेले नसतात. आज अळ्यांना भरवणारी माशी उद्या राणी होऊ शकते. म्हणून सत्तेचा प्रश्न इथे दर पिढीत, नव्हे दर काही आठवड्यांनी, नव्याने सुटावा लागतो.

या प्रश्नाचा आधुनिक अभ्यास इटलीत सुरू झाला. लिओ पार्दी यांनी १९४०च्या दशकात पोलिस्टेस माश्यांच्या पोळ्यावर वर्चस्वाची उतरंड असते हे दाखवलं: वरची माशी खालचीला दाबते, टोचते, अंगावर चढते, आणि सर्वांत वरची ती राणी. पुढे बरीच वर्षं आदिम समाजप्रिय गांधीलमाश्यांची राणी म्हणजे सर्वांत आक्रमक माशी, हे गृहीतच धरलं गेलं.

भारतात रोपालिडियाकडे या दृष्टीने पाहणाऱ्यांत मराठी नावं आरंभापासून आहेत. १९७४ साली ‘करंट सायन्स’मध्ये माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांचा या माशीतल्या जातिभेदावरचा छोटा लेख आला. महाबळ पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात होते, तर गाडगीळांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिविज्ञानाचं केंद्र उभं केलं. त्याच संस्थेत राघवेंद्र गदगकर नावाचा तरुण जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट करत होता, आणि उरलेल्या वेळात गांधीलमाश्या बघत होता. १९७९ साली डॉक्टरेट झाल्यावर त्याने छंदालाच आयुष्याचं काम केलं. पुढची चाळीसहून अधिक वर्षं गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी या एका माशीच्या मागे राहिले. २००१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेला त्यांचा ग्रंथ या एकाच जातीवर आहे. भारतातल्या छज्ज्याखालच्या एका कीटकावर जगाने वाचावं असं संपूर्ण पुस्तक भारतातच झालेल्या कामावरून लिहिलं गेलं, ही गोष्ट आपल्याकडे व्हायला हवी तितकी माहीत नाही.

पद्धत अगदी साधी होती. प्रत्येक माशीच्या पाठीवर चटकन वाळणाऱ्या रंगांचे ठिपके: एक लाल-निळी, एक पिवळी-पांढरी, अशी प्रत्येकीची वेगळी ओळख. मग पोळ्यासमोर बसायचं आणि ठरवलेल्या क्षणी कोण काय करते आहे ते लिहायचं. गदगकर आणि निरंजन जोशी यांनी १९८३ साली ‘अॅनिमल बिहेवियर’मध्ये जे प्रसिद्ध केलं ते अशाच नोंदींतून निघालं. माश्यांचा बहुतेक सगळा वेळ सहा गोष्टींत जातो: बसणं आणि अंग साफ करणं, मिशा उभारून सावध राहणं, पंख उभारणं, चालणं, खणात डोकं घालणं आणि पोळ्यापासून दूर असणं. कोणती माशी कशात किती वेळ घालवते याचं गणित मांडल्यावर त्यांचे तीन गट आपोआप वेगळे पडले. एक बसणाऱ्या, दुसऱ्या भांडणाऱ्या, तिसऱ्या बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या.

राणी कोणत्या गटात असेल? पार्दींच्या पोलिस्टेसवरून कोणीही भांडणाऱ्यांत शोधली असती. ती बसणाऱ्यांत सापडली.

सिविल लाइंसच्या पाचपेढी भागात राणी दुर्गावतीच्या नावाचं विद्यापीठ आहे. १५६४ साली मोगल सैन्याशी लढता लढता नर्रई नाल्याकाठी देह ठेवणारी ती गोंड राणी या शहराच्या स्मरणात हत्तीवर बसून, शस्त्र हाती घेऊन उभी आहे. राणी म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र उभं राहतं ते असं. रोपालिडिया मार्जिनाटाची राणी कोणावर धावून जात नाही. तिच्यावरही कोणी धावून येत नाही. ती बसते, अंग पुसते, अधूनमधून पोळ्यावर फिरते, अंडी घालते. पोळ्यावरची धुसफूस इतरांत चालते. तिला काढून घेतलं तरी अन्न आणण्याचं काम मंदावत नाही. कोणी किती वेळा बाहेर जायचं हे कामकरी माश्या आपसांतल्या हलक्या दटावणीतून स्वतःच ठरवतात. म्हणजे ती कामाची मुकादमही नाही. मग ती राणी कशाच्या जोरावर आहे?

उत्तर शोधण्यासाठी तिला पोळ्यावरून उचलून घेतलं, आणि इथून या कथेतला सर्वांत विलक्षण भाग सुरू होतो. राणी नाहीशी झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास एक माशी एकाएकी प्रचंड आक्रमक होते. आतापर्यंत इतरांसारखीच असलेली ती, दिसेल तिच्यावर तुटून पडते. एकच माशी, दोन नाहीत. राणीला परत ठेवलं तर ती शांत होऊन पूर्वीच्या कामाला लागते. परत ठेवलं नाही तर तिची आक्रमकता दिवसेंदिवस ओसरते, साधारण आठवड्याभरात तिचे अंडाशय पिकतात, ती पहिलं अंडं घालते, आणि तोवर ती आधीच्या राणीइतकीच शांत झालेली असते. तिच्या चिडण्याला इतर कोणी आव्हान देत नसतं; मग ती चिडते कशासाठी? अशा रिकाम्या गादीच्या काळातली आक्रमकता तिच्या स्वतःच्या अंडाशयांची वाढ लवकर होण्याशी जोडलेली असावी, असं पुढच्या प्रयोगांतून दिसलं. सुजाता देशपांडे यांच्यासारख्या संशोधिकांचा त्या कामात हात आहे.

ती आधी ओळखता येते का, हे शोधायला गदगकरांच्या प्रयोगशाळेने वर्षं घालवली. भांडणाऱ्यांत सर्वांत वरची? नाही. सर्वांत मोठ्या शरीराची? नाही. अंडाशय सर्वांत वाढलेली? तेही नाही. वयाचा थोडा संबंध दिसला, पण त्यावरून खात्रीने बोट ठेवता येईना. माणसाला वारस ओळखता येत नव्हता. मग माश्यांना तरी येतो का?

अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी २००८ मध्ये हे विचारण्याची युक्ती काढली. पोळं मधोमध कापलं, दोन भाग जवळजवळ ठेवले, मध्ये तारेची जाळी. माश्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, राणी एका बाजूला. बिनराणीच्या बाजूला एक माशी आक्रमक झाली. दुसऱ्या दिवशी राणीला आणि या दावेदार माशीला अदलाबदल करून विरुद्ध बाजूंना ठेवलं. ही खरी वारस असेल, तर नव्या बाजूच्या माश्या तिला निमूट मान्य करतील. आणि खरी वारस राणीच्या बाजूला अडकून पडली असेल, तर आता राणी गेल्यावर ती पुढे येईल आणि पहिली दावेदार मागे सरेल. दोन्ही प्रकार घडले. काही पोळ्यांवर पहिलीलाच दोन्हीकडे मान्यता मिळाली. काहींवर दुसरी पुढे आली, पहिलीने पुन्हा कामकरीची वाट धरली, आणि मग ही दुसरी दोन्ही बाजूंना मान्य झाली. तिसरी दावेदार एकाही पोळ्यावर उभी राहिली नाही. वारस कोण हे माश्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बघणाऱ्याला.

आलोक बंग आणि गदगकर यांनी २०१२ मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. राणी काढली, दावेदार आली, तीही काढली, दुसरी आली. असं करत पाच वारसांपर्यंत ओळ चालत गेली, आणि प्रत्येक वेळी एकच माशी, मारामारीशिवाय. गादीच्या मागे एक रांग लागलेली असते आणि रांगेतला प्रत्येकीचा क्रम सगळ्यांना मान्य असतो. या जातीच्या एका जवळच्या नातलगाशी, रोपालिडिया सायथिफॉर्मिसशी, तुलना केली की फरक ठळक होतो. तिची राणी भांडणाऱ्यांत असते, सर्वांत आक्रमक; आणि तिच्या जागी कोण येणार हे उतरंडीवरून आधीच सांगता येतं. म्हणजे एकाच कुळातल्या दोन माश्या, दोन्हींचं पोळं एकाच भिंतीवर असू शकतं, आणि राज्य चालवण्याच्या त्यांच्या रीती इतक्या वेगळ्या.

राणीचं अस्तित्व पोळ्यावर पोचतं कसं, हेही जाळीच्याच प्रयोगांनी उलगडलं. जाळीतून हवा जाते, वास जाऊ शकतो, तरी पलीकडच्या माश्यांना राणी असल्याचं कळत नव्हतं; तिथे दावेदार उभी राहत होती. म्हणजे तिचा संदेश हवेत पसरणारा नाही, पृष्ठभागावर राहणारा आहे. राणी पोटाचं टोक पोळ्यावर घासत फिरते. तिच्या नांगीजवळच्या ड्यूफूर ग्रंथीतले हायड्रोकार्बन ती त्या वेळी कागदावर लावत जाते. राणीच्या या ग्रंथीचा अर्क बिनराणीच्या बाजूला लावला तेव्हा दावेदाराची आक्रमकता उतरली. राणी असण्याचा सगळा अर्थ त्या लेपात होता. तो ताजा आहे तोवर ती आहे. या अर्थाने तिची सत्ता दटावणीची नाही, खबर देण्याची आहे: मी आहे, अंडी घालते आहे. इतर माद्या ती खबर वाचतात आणि आपले अंडाशय आवरून धरतात.

मग त्या असं का करतात? हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. स्वतःची संतती सोडून दुसऱ्याची वाढवणारा प्राणी नैसर्गिक निवडीत टिकलाच कसा? १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने उत्तर दिलं की नातलगांची पोरं वाढवण्यातूनही आपलीच जनुकं पुढे जातात. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांत तर नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे एकाच आईबापाच्या बहिणी एकमेकींना ०.७५ इतक्या जवळच्या पडतात, तर आई-मुलीचं नातं ०.५चंच. बहीण मुलीपेक्षा जवळची! या आकड्याने दोन पिढ्यांचे जीवशास्त्रज्ञ भारावून गेले.

गदगकरांच्या पोळ्यांवर मात्र हा आकडा उभा राहिला नाही. राणी एकाहून अधिक नरांशी मीलन करते, त्यामुळे तिच्या मुलींतलं नातं ०.५च्या जवळ येतं. शिवाय राण्या बदलत राहतात. एखादी सात दिवस टिकली, एखादी २३६ दिवस. नवी राणी जुनीची मुलगी असते, कधी बहीण, कधी भाची, कधी मावसबहीण. जुन्या राणीची अंडी अजून खणांत असताना नवीची त्यांत पडतात. म्हणून एखादी कामकरी माशी एकाच वेळी आपल्या बहिणी-भावांना, भाच्यांना, मावसभावंडांना आणि त्यांच्याही मुलांना भरवत असते. मागच्या पिढीतल्या मोठ्या एकत्र कुटुंबात जसं कोणाचं पोर कोण जेवू घालतंय याची मोजदाद राहत नसे, तसं हे घर. नाती आहेत, पण इतकी पसरलेली, की केवळ रक्ताच्या जवळिकीवर हा त्याग तोलून धरता येत नाही.

गदगकरांनी दिलेलं दुसरं उत्तर मला जास्त पटतं, आणि ते त्या दोन महिन्यांच्या आकड्यावर उभं आहे. कामकरी माशी सरासरी महिनाभरसुद्धा जगत नाही. अंड्यापासून माशी व्हायला मात्र दोन महिने लागतात. एकटीने घर मांडलं आणि ती मध्येच कोळ्याच्या जाळ्यात सापडली, पक्ष्याने उचलली, तर आतापर्यंत भरवलेल्या सगळ्या अळ्या मरतात. तिच्या श्रमांचं काहीच उरत नाही. मोठ्या पोळ्यावर वीस दिवस काम करून मेली, तरी तिने वीस दिवस भरवलेली अळी दुसरी कोणी पुढे भरवते. तिच्या आयुष्यातला एकही दिवस वाया जात नाही. १९९० साली त्यांनी ही कल्पना मांडली. मला यात या माशीचं सगळं जगणं सामावलेलं दिसतं.

त्याला जोडून आणखी एक गोष्ट. १९८८ साली गदगकर, विनुता, शानुभोग आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ अनिल गोरे यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कोशातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मादीला एकटीला, भरपूर अन्न देऊन वेगळं ठेवलं. आता तिला दडपणारी राणी नाही, बहिणी नाहीत. घर बांधा, अंडी घाला. तरी जवळजवळ निम्म्या माद्यांनी अंडी घातलीच नाहीत. अळी असताना किती आणि कसं भरवलं गेलं याचा यात वाटा आहे, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे सगळ्या सारख्या दिसतात, पण सगळ्यांची ऐपत सारखी नसते. जिला स्वतःची अंडी घालण्याची शक्यताच थोडी, तिच्यासाठी दुसऱ्याच्या घरात राबणं हा तोट्याचा व्यवहार नाही.

नरांबद्दल थोडक्यात सांगतो. ते कोशातून बाहेर पडल्यावर आठवडाभर जन्मघरी राहतात, काही काम करत नाहीत, आणि मग कायमचे निघून जातात. त्यांना नांगी नसते. पण रुचिरा सेन आणि गदगकर यांनी २००६ मध्ये दाखवलं की माद्या काढून घेतल्या आणि नरांना भरपूर खाऊ दिला, तर तेही अळ्यांना भरवतात. जमत नाही म्हणून नव्हे, वेळच येत नाही म्हणून ते भरवत नाहीत.

घरच्या-परक्याची ओळख वासाने होते, आणि तो वास जन्माने मिळत नाही. कोशातून निघाल्यावर पोळ्याशी आणि बहिणींशी संपर्क झाला तरच माशी आपली कोण ते शिकते. कोशापासूनच वेगळी वाढवलेली माशी सख्ख्या बहिणीलाही ओळखत नाही. पहिल्या आठवड्याच्या आतली परकी पोर नव्या पोळ्यावर सामावून घेतली जाते, तिथेच ती कामाला लागते, आणि अशा काही आश्रित माश्या पुढे त्याच घरात राण्या झाल्याचंही पाहिलं गेलं आहे.

या घराचा खरा काळ म्हणजे व्हेस्पा ट्रॉपिका. तीही गांधीलमाशीच, पण दुपटीहून मोठी, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली. ती एकटी येते. रोपालिडियाच्या माश्या बहुधा पोळं सोडून बाजूला होतात, आणि ती एकेका खणातून अळ्या आणि कोश ओढून नेते. तासाभरात महिन्यांचं काम संपतं. बंगळुरूच्या संस्थेत म्हणून एक मोठी जाळीची खोली बांधली गेली: भोकं अशी मोजून ठेवली, की रोपालिडिया मोकळेपणी आत-बाहेर करेल आणि व्हेस्पा बाहेरच अडेल. बाहेरच्या जगात अशी खोली नाही. उजाड पोळ्याजवळ जमलेल्या माद्यांपैकी काही एकत्र नवं घर मांडतात, काही एकट्या निघतात, काही दुसऱ्या पोळ्यात शिरतात. एकटीच्या घराचं बहुतेक वेळा काय होतं, ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

छज्ज्याखालच्या पोळ्याचं काय करायचं, असं लोक विचारतात. पोळं दाराच्या वाटेत असेल, घरात लहान मूल असेल किंवा कोणाला डंखाची तीव्र अॅलर्जी असेल, तर ते काढायला हवं, यात शंका नाही. गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी अडकून तुटत नाही. ती पुन्हा पुन्हा डसू शकते. डंखानंतर सूज आणि आग होणं नेहमीचं आहे, पण ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली तर क्षणाचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं. काढायचं ते जाणकाराकडून काढून घ्यावं. पेटत्या बोळ्याने पोळं जाळण्याच्या नादात लाकडी तुळई आणि स्वतःचं अंग भाजून घेणारे लोक दरवर्षी निघतात.

पण पोळं उंचावर, वाटेपासून दूर, माणसांच्या हाताबाहेर असेल तर ते राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. पोळ्याला धक्का लागला नाही, त्यावर श्वास सोडला नाही, घाईची हालचाल केली नाही, तर ही माशी अंगावर येत नाही. दोन-तीन मीटरवरून सकाळी ऊन चढण्यापूर्वी बघा, दुर्बीण असेल तर उत्तम. काही माश्या जातात-येतात, येताना जबड्यात गोळा असतो, उतरताच दोघी-तिघी तो वाटून घेतात. काहींच्या मिशा सतत उभारलेल्या असतात. त्या एखादीवर धावून जातात, ती खाली दबते. खणांत डोकं घालणारी एखादी तरणी दिसेल, कारण अळ्या भरवणं हे आयुष्यातलं पहिलं काम, मग बांधकाम, मग लगदा आणणं, आणि सर्वांत शेवटी, वय झाल्यावर, धोक्याची शिकार. बाहेर कधी न जाणारी, कोणावर न धावणारी आणि जिच्यावर कोणी धावत नाही अशी एक माशी तेवढ्यात नजरेत भरेल. पोटाचं टोक कागदावर टेकवून ती हळूहळू चालत असेल, तर बहुधा तीच.